व्यायाम-विचार : पाठ टेकली म्हणजे हार नव्हे

ब्राझिली जुजुत्सु या नांवानें ओळखली जाणारी मल्लविद्या आतां मुंबई-पुण्यासारख्या शहरांतूनही शिकविली जाऊं लागली आहे, व त्यामुळें आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एका नव्या प्रकारच्या प्रश्नांची भर पडली आहे. पूर्वीं आईबाप विचारीत कीं, मुलानें जोर किती काढावेत आणि दूध किती प्यावें. आतां ते विचारतात कीं, मुलास ही विद्या शिकूं लागून सहा-सात महिने झाले, शिक्षकांनीं पुढील स्पर्धेंत नांव घालण्यास सांगितलें आहे, तर तें घालूं द्यावें काय. आणि घालूं दिलें तर पहिल्याच खेपेस मूल हिरमुसून परत येऊं नये म्हणून काय करावें? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु पहिल्याचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें आम्ही दुसराच प्रश्न आधीं घेतों.

या विद्येचें नांव ब्राझिली असलें तरी तिचें मूळ जपानांत आहे. जिगोरो कानो या विद्वान गृहस्थानें १८८२ सालीं तोकियो येथील एका बौद्ध देवळाच्या जागेंत 'कोदोकान' ही आपली शाळा स्थापिली आणि जुन्या जुजुत्सूंतील घातक डाव नित्याच्या सरावांतून वगळून जूदोची शिक्षणपद्धति तयार केली. त्याच शाळेचा मित्सुयो माएदा हा मल्ल १९०४ सालीं अमेरिकेस गेला, देशोदेशीं झुंजत १९१४ मध्यें ब्राझिलांत उतरला, व अखेर उत्तरेकडील बेलेम या शहरीं स्थायिक होऊन १९४१ सालीं तेथेंच वारला. बेलेममध्यें त्याची विद्या घेतलेल्या तरुणांपैकीं कार्लोस ग्रेसी हा एक होय. पुढें कार्लोस व त्याचे बंधु रिओ दि जानेरो येथें ती शिकवूं लागले. त्यांतील सर्वांत धाकटा हेलिओ हा अंगकाठीनें किरकोळ असल्यामुळें, उभ्यानें आपटण्यापेक्षां जमिनीवर पडल्यावर काय करावें याचाच विचार त्यानें अधिक केला, असें त्या घराण्यांत सांगतात. या हेलिओची मासाहिको किमुरा या जपानी मल्लाशीं १९५१ सालीं रिओच्या माराकाना क्रीडांगणांत झुंज झाली व तींत हेलिओ हरला. परंतु ज्या हातपेचानें किमुरानें त्याला नमविलें, त्या पेचाला ब्राझिली लोक आजही 'किमुरा' म्हणतात. आपणांस हरविणाऱ्या परक्याचें नांव आपल्याच विद्येंत कायमचें ठेवून देणें ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

कुस्ती पाहिलेल्या माणसाला या खेळांत प्रथम एकच गोष्ट चमत्कारिक वाटते. आपल्या आखाड्यांत पाठ जमिनीला लागली कीं कुस्ती संपली. येथें बहुधा तेथूनच खरी लढत सुरू होते. उताणा पडलेला मल्ल आपले पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोंवतीं कसतो, अगर पावलें त्याच्या मांड्यांवर रोवून त्याला दूर ठेवितो. या अवस्थेस ते 'गार्ड' म्हणतात, आणि ती पराभवाची नव्हे तर तटबंदीची अवस्था समजली जाते. निकाल पाठ टेकण्यावर नसून शरण जाण्यावर आहे. मान आवळली गेली अगर हाताचा सांधा उलट पिळला गेला म्हणजे सांपडलेल्यानें प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर वा जमिनीवर हातानें थापट्या माराव्यात. झुंज तत्क्षणीं थांबते. कोणीच शरण न गेल्यास गुण मोजतात.

आखाड्यांतून आलेला नवशिका या फरकामुळेंच एकीकडे लवकर जिंकतो व दुसरीकडे तितक्याच लवकर फसतो. खडाखडी, पट काढणें, प्रतिस्पर्ध्यावर अंगाचा भार ठेवणें या गोष्टी त्याच्या हाडींमाशीं खिळलेल्या असतात, व नवशिक्यांच्या गटांत त्यांना तोड नसते. परंतु स्वतः खालीं गेला कीं, चीत होऊं नये या संवयीनें तो पालथा होतो. कुस्तींत हें शहाणपण आहे. येथें तेंच घातक ठरतें. पालथ्या मल्लाच्या पाठीवर स्वार होऊन दोन्ही टांचा त्याच्या मांड्यांच्या आंत अडकविल्या म्हणजे वरच्याला चार गुण मिळतात, आणि मागून गळ्याभोंवतीं येणारा हात खालच्याला दिसतही नाहीं. तेव्हां ज्या घरांतील मुलगा तालमींत जात आला आहे, त्यानें स्पर्धेपूर्वीं नवे डाव शिकण्याच्या भरीस न पडतां उताणें पडण्याची लाज तेवढी सोडावी. ही लाज सुटण्यास डाव शिकण्यापेक्षां अधिक दिवस लागतात.

आतां गुणांचा हिशेब. तो घरांतील वडील मंडळींनींही समजून घ्यावा, कारण त्यावांचून लढत म्हणजे दोन गांठोड्यांची ओढाताण वाटते. उभ्या प्रतिस्पर्ध्यास खालीं पाडलें तर दोन गुण. आपण खालीं असतां गार्डमधून वरच्याला उलथवून वर आलों तरी दोन. वरून गुडघा पोटावर रोवून धरला तर दोन. प्रतिस्पर्ध्याच्या पायांची तटबंदी ओलांडून त्याच्या बाजूस पोंचलें व तेथें त्यास दाबून धरलें तर तीन. त्याच्या छातीवर वा पोटावर घोड्यावर बसावें तसें बसलें तर चार, आणि पाठ घेतली तरी चार. प्रत्येक जागा तीन सेकंद राखल्यावांचून गुण पदरांत पडत नाहीं. आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमांप्रमाणें पांढऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे अगदीं पहिल्या पायरीच्या, प्रौढ मल्लांची लढत पांच मिनिटांची असते. काळ्या पट्ट्याची दहा मिनिटांची. या संघाची पहिली जागतिक स्पर्धा १९९६ सालीं रिओ येथें झाली. पंच अद्यापि पोर्तुगीजमध्यें 'कोंबाते' म्हणून झुंज सुरू करितो. आपल्याला साबण, बटाटा, चावी आणि पगार हे शब्द देणारी हीच भाषा. आमच्या गोमंतकीय वाचकांना तर ती परकी वाटण्याचें कारणच नाहीं.

पांच मिनिटें हा काळ थोडा आहे, आणि नवशिक्याच्या यशाचें बहुतेक मर्म या थोडेपणांत आहे. पांच मिनिटांत माणूस चाळीस डाव करूं शकत नाहीं, तीन-चार करतो. म्हणून ज्याला तीन-चारच येतात, पण ते दमलेला असतां, घाबरलेला असतां, समोरच्याचा विरोध असतां येतात, तो जिंकतो. आमच्या पांढरपेशा घरांतील मुलांची खोड याच्या नेमकी उलट आहे. हातांतील फोनवर रोज नवा डाव पाहावा, त्याचें पोर्तुगीज आणि जपानी नांव पाठ करावें, त्यावर जेवतांना व्याख्यान द्यावें, आणि आखाड्यांत उतरल्यावर समोरच्यानें गळपट्टी धरली कीं सगळें विसरावें! बहुश्रुतपणा ही परीक्षेची तयारी असेल, झुंजीची नव्हे.

मग हे तीन-चार डाव कोणते? ते मुलाच्या शिक्षकानें त्याची उंची, जोम व स्वभाव पाहून ठरवावे हें उत्तम. परंतु त्यांची सांखळी अशी असावी कीं, एकाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात व्हावी. उभें असतां एक पकड आणि तिच्यांतून निघणारी एक पाडण्याची युक्ति. पाडल्यावर पायांची तटबंदी ओलांडण्याची एक रीत. मग बाजूनें दाबून धरणें, तेथून छातीवर चढणें. व अखेर गळ्याचा अगर हाताचा एक पेच. हिशेब पाहा: दोन, तीन व चार मिळून नऊ गुण, तेही शेवटचा पेच न लागतां. दैवानें आपण खालीं गेलों तर त्यासाठीं गार्डची एक पद्धति व तींतून उलथविण्याची एक युक्ति. ज्यास उभ्यानें पाडणें जमत नाहीं त्यानें प्रतिस्पर्ध्याचा पोशाख नीट पकडून आपण होऊन खालीं बसावें. यास नियमांची मुभा आहे. मात्र समोरच्यानें पाय पकडून पाडण्यास सुरुवात केल्यावर घाईनें बसलें तर त्याला दोन गुण फुकट जातात. उभें राहावें कीं बसावें हें घरून ठरवून जावें. तेथें उभें राहून विचार करणारा मुलगा विचार संपण्यापूर्वींच खालीं असतो.

हल्ल्याच्या या सांखळीपेक्षांही नवशिक्यास अधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे सुटका. छातीवर बसलेल्याचा एक हात व त्याच बाजूचा पाय अडकवून कंबर कमानीसारखी उचलून त्याला उलथवून टाकणें, आणि कुशीवर होऊन कोपर व गुडघा एकमेकांस भेटवून मधली जागा पुनः मिळविणें, या दोन सुटका ज्याला झोंपेंतही येतात त्याच्या मनांतील निम्मी भीति जाते. भीति गेली कीं तो हल्लाही मोकळेपणानें करितो. खालीं असतां कोपरें बरगड्यांशीं असावींत. वरच्याला दूर लोटण्यासाठीं हात सरळ ताणले कीं ते आपण होऊन त्याच्या पेचांत जातात. शिक्षक हें पहिल्या आठवड्यापासून सांगत असतात, व पहिल्या स्पर्धेंत मुलें हेंच प्रथम विसरतात.

दुसरी चूक यशाच्या पोटीं होते, म्हणून ती अधिक हळहळ लावणारी आहे. मुलानें पाडलें, तटबंदी ओलांडली, छातीवर बसला. फलकावर नऊ गुण लागले. आणि आतां लवकर संपवावें म्हणून त्यानें हाताच्या पेचासाठीं अंग मागें झोंकून दिलें. पेच अर्धवट बसला, हात निसटला, आणि नऊ गुणांचा धनी खालीं येऊन पडला. पुढील दोन मिनिटें तो श्वास शोधीत असतो. वरची जागा ही व्याजावर ठेविलेल्या मुद्दलासारखी आहे. ती मोडण्यापूर्वीं समोरच्याला धडपड करूं द्यावी. धडपडींत तो हात ताणील, मान उघडी टाकील किंवा पाठ देईल. निव्वळ बसून राहावें असा याचा अर्थ नव्हे. लढण्याची इच्छा न दाखविणाऱ्यास पंच दंड करितात व दंड सांचत गेला तर बादही करितात. पण पुढें सरकण्याची घाई आणि पुढें सरकण्याचा प्रयत्न यांत अंतर आहे.

सराव कसा करावा याविषयीं थोडें. स्पर्धेपूर्वींचे सहा आठवडे घड्याळ लावून पांच पांच मिनिटांच्या झुंजी उभ्यानें सुरू करून कराव्यात, कारण पुष्कळ तालीमगृहांत जागेच्या अडचणीमुळें गुडघ्यांवरून सुरुवात करितात व स्पर्धेंत मुलाला उभें राहावें लागतें तेव्हां तो भांबावतो. कांहीं झुंजी मुद्दाम वाईट जागेंतून, म्हणजे छातीवर कोणी बसलेला असतांना, सुरू कराव्यात. नेहमींच्या जोडीदारापेक्षां अनोळखी माणसाशीं झुंजण्याची संधि मिळाल्यास सोडूं नये. शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र अंगाला विश्रांति द्यावी. त्या दिवसांत कमावलेला दम स्पर्धेंत उपयोगी पडत नाहीं, आणि त्या दिवसांत मुरगळलेला घोटा हटकून नडतो.

पहिल्या झुंजींत आणखी एक अडचण येते, व ती कोणत्याही शास्त्रानें टळत नाहीं. हृदय धडधडतें, मूल श्वास रोखून धरतें, समोरच्याचा पोशाख मुठींत इतका आवळतें कीं दोन मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हात लाकडासारखे होतात. यावर उपाय एवढाच कीं, नांव पुकारण्यापूर्वीं घाम येईपर्यंत अंग मोकळें करून घ्यावें, म्हणजे पहिली झुंज हीच अंग तापविण्यांत खर्च होत नाहीं. आणि पकड जेथें कामाची नाहीं तेथें ती सोडून द्यावी. घरच्या मंडळींनीं बाजूनें ओरडून सूचना देऊं नयेत, ही आमची कळकळीची विनंति आहे. मुलाच्या कानांत एकच ओळखीचा आवाज जावा, आणि तो शिक्षकाचा.

आतां वजनाचा विषय. या एका विषयापायीं आम्हांस हा लेख लिहावासा वाटला. स्पर्धेंत वजनाचे गट असतात. प्रौढ पुरुषांत ६४, ७०, ७६, ८२.३ किलो असे ते चढत जातात, व हें वजन पोशाखासह धरतात. आंतरराष्ट्रीय संघाच्या स्पर्धांत वजन आदल्या दिवशीं होत नाहीं. पहिल्या झुंजीच्या अगदीं आधीं होतें, आणि कांटा एक ग्रॅमही पुढें गेला तर मूल न खेळतां परत येतें. मुष्टियुद्धांत आदल्या दिवशीं वजन देऊन रात्रभर खाऊनपिऊन ताजें होतां येतें, तशी सोय येथें नाहीं. असें असतां आमच्या आप्तांपैकीं एका एकोणीस वर्षांच्या मुलास त्याच्या शिक्षकानें ७० च्या गटांत बसविण्याचा आग्रह धरिला. पोशाख धरून त्याचें वजन ७३ होतें. दोन दिवस पाणी तोडलें, जेवण ओठांपुरतें. त्याची आजी ताकाचा पेला घेऊन मागें फिरत होती व तो तोंड फिरवीत होता. कांट्यावर तो बरोबर उतरला. झुंजीच्या दुसऱ्या मिनिटास त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि समोरच्यानें त्याला सतरंजीसारखें गुंडाळलें. पुढल्या स्पर्धेंत त्यानें आईच्या सांगण्यावरून ७६ च्या गटांत नांव घातलें, सकाळीं दहीभात खाऊन गेला, आणि दोन झुंजी जिंकून तिसरींत थोडक्यांत हरला. नवशिक्यांत तीन किलोंचा फरक तितका नडत नाहीं. तहान मात्र नडते. वाढत्या वयाच्या मुलास पाण्यावांचून ठेवण्यास कोणी सांगेल तर घरांतील कर्त्या माणसानें तेथें स्पष्टपणें नकार द्यावा. इतर सर्व बाबतींत शिक्षकाचा शब्द मानावा, या एका बाबतींत मानूं नये.

थापटी मारण्याविषयींही घरांत आधीं बोलणें व्हावें. गळ्याचा पेच मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आणतो व तो नीट बसला तर थोड्या सेकंदांतच शुद्ध हरपते. कोपराचा सांधा तर आधीं दुखून इशारा देईलच असें नाहीं. हात पूर्ण सरळ झाला, निघण्याचा मार्ग उरला नाहीं, कीं थापटावें. घरांत कोणी काका "शेवटपर्यंत सोडलें नाहीं बरें का!" म्हणून कौतुक करीत असेल तर त्याला गप्प करावें. नियम करणाऱ्यांनीं नवशिक्यांची कांहीं काळजी घेतली आहे. पांढऱ्या पट्ट्याला मनगट पिळणें, गुडघ्याचा पेच, टांच पिळणें, प्रतिस्पर्ध्यास उचलून आपटणें, उडी मारून गार्ड घेणें हें सर्व मना आहे. हे निषिद्ध डाव मुलास तोंडपाठ असावेत. जिंकत आलेला मुलगा यांपैकीं एकानें बाद होतो तेव्हां त्याला कोणाला दोष द्यावा तेंही कळत नाहीं.

पदकाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती कांहीं आजोबांना रुचणार नाहीं. उपांत्य झुंजींत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक देतात. गटांत चारच मुलें असलीं तर एकही झुंज न जिंकतां पदक गळ्यांत पडतें, आणि गटांत बत्तीस असलीं तर दोन झुंजी जिंकूनही मूल रिकाम्या हातानें परत येतें. तेव्हां पेढे वांटण्यापूर्वीं "किती झुंजी झाल्या?" हें विचारावें, आणि रिकाम्या हातानें आलेल्यालाही तेंच विचारावें. दुसऱ्या मुलाचें उत्तर पुष्कळ वेळां अधिक ऐकण्यासारखें असतें. कांहीं ठिकाणीं पांढऱ्या पट्ट्यांत पदकें मिळावींत म्हणून तयार मुलांना वर्षानुवर्षें पुढचा निळा पट्टा देत नाहींत. असें यश शिक्षकाच्या भिंतीवर शोभत असेल. त्या मुलाच्या विद्येंत त्यानें काडीची भर पडत नाहीं, व त्याच्यासमोर उभें राहणाऱ्या खऱ्या नवशिक्याचें मात्र नुकसान होतें.

आतां पहिल्या प्रश्नाकडे. मुलाला वरील दोन सुटका येतात, तो वेळेवर थापटतो, आणि पांच मिनिटें श्वास न कोंडतां झुंजूं शकतो असें शिक्षक सांगत असतील, तर सहा महिन्यांनींही नांव घालूं द्यावें. यांपैकीं एकही नसेल तर दोन वर्षें झालीं असलीं तरी थांबवावें.

एका भगिनीनें आपल्या वीस वर्षांच्या मुलीविषयीं विचारलें आहे. तिच्या सासूबाईंची हरकत अशी कीं, मुलीनें चारचौघांत अंगाला अंग लावून झुंजावें हें बरें दिसत नाहीं. त्यांना सांगावें कीं, स्पर्धेंत मुलींची गांठ मुलींशींच पडते, पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत जाड कापडाचा असतो, व त्याच्या आंत घट्ट सदरा घालणें स्त्रियांस नियमानेंच सक्तीचें आहे. मुलीचें वजन त्यांनीं ५१ किलो लिहिलें आहे. जाड पोशाख दीड-दोन किलो भरतो, तेव्हां ५३.५ च्या गटांत ती कांहीं न सोडतां बसेल. मात्र नांव घालण्यापूर्वीं तोच पोशाख घालून घरीं एकदां वजन करून पाहावें. हातापायांचीं नखें आदल्या रात्रीं कापावींत, कारण पोशाख व नखें दोन्ही तपासतात. त्वचेवर गजकर्ण असेल तर तें बरें होईपर्यंत सरावासही जाऊं नये. पोशाख प्रत्येक सरावानंतर धुवावा लागेल. तो ओला झाल्यावर फार जड होतो व पावसाळ्यांत दोन दिवस वाळत नाहीं, म्हणून परवडत असल्यास दुसरा घ्यावा, आणि तो पिळण्याचें काम सासूबाईंकडे किंवा सुनेकडे न देतां मुलीनेंच करावें. मनगटांच्या पकडीस तो व्यायामही चांगला आहे.